तांबडी चांदणी

आपल्या महाविद्यालयात माझी ओळख थोडी संशयास्पदच आहे. मराठी विभागातले मित्र म्हणतात, “हा कॉम्प्युटरवाला, चुकून आपल्यात आला.” आणि ज्यांच्या वेबसाइट मी करून देतो ते दुकानदार म्हणतात, “तो बी. ए.वाला पोरगा ना? काम बरे करतो, पण बोलतो फार.” दोन्ही म्हणणी खरी आहेत. दिवसा मी भाषाविज्ञानाच्या आणि काव्यशास्त्राच्या तासांना बसतो, आणि रात्री खोलीवर येऊन लोकांसाठी संकेतस्थळे बांधतो. त्या पैशांत खानावळीचे बिल आणि परीक्षेचे शुल्क भागते. वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा प्रथम वाटले, एखादी कविता द्यावी. पण कविता पुष्कळ येतील. त्यापेक्षा आपण सगळेच ज्या यंत्राला रात्रंदिवस चिकटून असतो त्याविषयी, आणि त्यावर काम करताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहावे, असे ठरवले.

माझे गाव पारनेर तालुक्यात. वडील टेम्पो चालवतात. आमच्या शाळेत दोन संगणक होते आणि दोघांवर फुलाफुलांच्या खोळी होत्या. या खोळी १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला निघत. पाहुण्यांचे पाहून झाले की पुन्हा चढत. मी नववीत असताना एका शिक्षकांनी शनिवारी दुपारी मला खोळ काढण्याची परवानगी दिली. त्या दिवशी मी एचटीएमएलची पहिली ओळ लिहिली. आपले नाव लिहायचे आणि त्याच्या मागेपुढे दोन खुणा करायच्या, की पडद्यावर तेच नाव ठळक आणि मोठे होऊन येई. शब्दाला मागून पुढून काही लागले की शब्दाचे रूप पालटते, ही गोष्ट मला व्याकरणातल्या उपसर्ग-प्रत्ययांसारखीच वाटली. कला शाखा आणि संगणक यांच्यामधली भिंत माझ्यापुरती त्याच दिवशी पडली. ती मुळात कोणी बांधली होती, कोण जाणे!

गेल्या वर्षी या अंकाच्या जुन्या प्रती संगणकावर आणण्याचे काम आम्हां चौघांकडे आले. काही वर्षांच्या फाइली जपून ठेवलेल्या होत्या. मोठ्या उत्साहाने पहिली उघडली, तर देवनागरीचा पत्ता नाही. रोमन अक्षरे, आकडे आणि स्वल्पविराम यांची नुसती भेळ. त्या काळातल्या पुष्कळ फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीची चित्रे बसवलेली असत. एका फाँटमध्ये ज्या जागी ‘क’ तिथे दुसऱ्यात ‘ज्ञ’. तो नेमका फाँट आपल्याजवळ नसेल, तर कोण्या विद्यार्थ्याने जीव ओतून लिहिलेला लेख आपल्याला कचऱ्यासारखा दिसतो. हा घोळ मिटला तो युनिकोडमुळे. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. ‘क’चा २३२५, आपल्या ‘ळ’चा २३५५. टोकियो असो की टाकळी ढोकेश्वर, २३५५ म्हटले की ‘ळ’च उमटणार.

म्हणजे यंत्र हुशार झाले असे नव्हे. माणसांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवली आणि सर्वांनी ती पाळली, इतकेच. याला मराठीत फार सुंदर शब्द आहे: संकेत. वेबसाइटला आपण संकेतस्थळ म्हणतो. काव्यशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले, की जुन्या संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी आधी ठरवलेली जागा. अंधाऱ्या रात्री अभिसारिका जाते ती तिकडेच. तेव्हा सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहून हसला होता. मीही हसलो. पण त्या शब्दाचा खरा अर्थ मला पुढे आजोळी समजला.

माझे आजोळ हिवरे बाजार. नगर शहरापासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरापासून, सतराएक किलोमीटरवर. वाचकांपैकी पुष्कळांनी ते सहलीत पाहिले असेल. आदर्श गाव म्हणून लोक बसगाड्या भरून येतात आणि टेकड्यांवरचे चर पाहून जातात. माझ्या आजीला मात्र गावाचे दुसरे रूप पाठ आहे. बहात्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे डोंगर बोडका झाला, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली. पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. मग १९८९ साली एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार गावाचे सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन अशी सूत्रे गावाने स्वीकारली. रोजगार हमीतून आणि श्रमदानातून चर खणले, बांध घातले. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. पोपटरावांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वश्रुत आहे.

मौज अशी, की त्याच १९८९ सालच्या मार्च महिन्यात जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपल्या वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरलेली माहिती एकमेकींना जोडावी, अशी त्याची कल्पना. त्यातून आजचे वेब निघाले. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणालाही वापरण्यास मोफत खुले केले. त्यावर मालकी सांगितली असती, तर माझ्यासारख्या टेम्पोवाल्याच्या मुलाला त्याच्या वाऱ्यालाही उभे राहता आले नसते. एकाच साली सुरू झालेल्या या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचा संबंध नाही, हे मला कळते. पण एकीने मला पोटापाण्याचा उद्योग दिला आणि दुसरीने आजोळ राखले. म्हणून मनात त्या शेजारी शेजारी बसतात.

हिवरे बाजारचे सगळ्यात मोठे तंत्रज्ञान कोणते, असे मला कोणी विचारले तर मी पर्जन्यमापक म्हणेन. एक साधे नरसाळे आणि एक मोजपट्टी. पाऊस मोजायचा, ठरावीक विहिरींची पातळी पाहायची आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा. गेली वीसेक वर्षे हे चालू आहे. हिशेब कोणालाही करता येतो. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. तेव्हा गावावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ एक कोटी लिटर. त्यातले काही वाहून जाते, काही उडून जाते, काही मातीत राहते आणि उरलेले खाली मुरते. त्यातून आधी माणसांना आणि जनावरांना पिण्याचे पाणी, पुढच्या सालासाठी थोडी शिल्लक, आणि मग पिके. पाऊस कमी तर गहू-कांदा कमी, ज्वारी-हरभरा जास्त. ऊस आणि केळी लावायची नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. डोंगरावरचे गवत कापून आणायचे, गुरे सोडायची नाहीत.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पहिल्या वर्षाला असताना मला जुना लॅपटॉप घ्यायचा होता. वडिलांकडे मागण्याची सोय नव्हती, कारण टेम्पोचे हप्ते चालू होते. मामांनी त्या साली कांदा विकला होता. त्यांनी पिशवीतून बारा हजार रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “घे. पण दुकानदाराला बिल माग. न्हाईतर बिघडल्यावर तो तुला वळखायचा न्हाई.” बस. कधी देणार, कशासाठी घेतोस, काही विचारले नाही. त्या लॅपटॉपवर मी आजवर पंधरावीस संकेतस्थळे केली.

गेल्या भाद्रपदात शहरातल्या एका बियाणे विक्रेत्याचे काम माझ्याकडे आले. गावरान कांद्याच्या बियाण्याला मागणी फार, दुकानासमोर पहाटेपासून रांगा. त्यांना आगाऊ नोंदणीसाठी फॉर्म हवा होता. चार दिवसांत नोंदणी करा, नंबर घ्या आणि बी घेऊन जा. कल्पना चांगली होती. मी एका रात्रीत फॉर्म केला. नाव, गाव, मोबाइल, किती किलो आणि ई-मेल. ज्या रकान्यात काही लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही, त्याच्यापुढे लहानशी तांबडी खूण येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तशी सक्ती करायला फार कष्ट लागत नाहीत. रकान्याच्या ओळीत ‘रिक्वायर्ड’ एवढा एक शब्द लिहायचा. मी पाचही रकान्यांना तो लिहिला. पूर्वी केलेल्या एका फॉर्मवरून उचलला होता, त्यात तसा होता. रात्रीचे दीड वाजले होते. काम संपवले, पाठवून दिले. पैसेही वेळेवर मिळाले.

दिवाळीत आईबरोबर आजोळी गेलो. भाऊबीजेच्या रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. आजी सहज म्हणाली, “तुझ्या मामानं औंदा तीन रात्री त्या मोबाइलशी कुस्ती केली बघ. बी काय मिळालं न्हाई.”

मामा म्हणाले, “जाऊ दे गं.” मग थोड्या वेळाने मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “तू शिकलेला हायेस म्हणून इचारतो. समदं भरलं की खाली ही तांबडी चांदणी लागती आणि पुढंच जाऊ देत न्हाई. हे कशाचं?”

पडद्यावर निळ्या पट्टीचे पान होते. ती निळी छटा मी अर्धा तास खर्चून निवडली होती.

ई-मेलचा रकाना रिकामा होता. मामांचा मोबाइल दुकानातल्या मुलाने सुरू करून दिलेला. त्यात ई-मेल असेलही. पण तो कोणता, हे मामांना कोणी सांगितले नव्हते. मामांना मोबाइल येत नाही असे मुळीच नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून ते बांधावर उभे राहून आपल्या पिकाचा फोटो काढतात आणि नोंद स्वतः करतात. दुधाचे पैसे खात्यावर आले की मोबाइलवरच पाहतात. अडले ते फक्त माझ्या फॉर्मवर.

मी म्हणालो, “ई-मेल लागतो मामा.” त्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे पान मीच केले आहे, असे सांगायला हवे होते. सांगितले नाही. आजी शेजारी होती, आई होती, मामी आतून ऐकत होती. मी मोबाइल परत दिला आणि पाणी प्यायला उठलो.

नंतर आईकडून कळले, की मामांनी शेवटी दुसरीकडून सुटे बी घेतले. रोप विरळ उगवले. कांद्याचे रान अर्ध्यावर आले आणि उरलेल्यात हरभरा टाकावा लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. उशाशी पिशवीत लॅपटॉप होता.

सकाळी मामांबरोबर गवताचा भारा आणायला निघालो. गाव मागे पडल्यावर मी एका दमात सगळे सांगून टाकले. मामा चालता चालता थांबले. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी फक्त विचारले, “त्या दुकानदारानं सांगितलं व्हतं का, ई-मेल पायजेच म्हणून?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “मामा, तुमच्या गावातही सक्ती आहेच की. बोअर नाही, ऊस नाही, गुरे सोडायची नाहीत. माझी तर नुसती एक खूण.”

हे बोललो आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. मामा मात्र रागावले नाहीत. विळा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, “आरं, बोअरीचं ठरलं तवा मी सभेत व्हतो. मलाबी घ्यायची व्हती बोअर. भांडलो. मग हिशेब बघितला, आन् हात वर केला. तुझ्या चांदणीला मी हात कवा वर केला?”

आणि ते पुढे चालू लागले.

शहरात परतल्यावर पहिल्यांदा त्या विक्रेत्याकडे गेलो. ई-मेलचे तुम्ही काय करता, असे विचारले. तो म्हणाला, “काही नाही. तू ठेवला होतास, मला वाटले लागत असेल.” मग मी नोंदणीची यादी उघडून पाहिली. एकच ई-मेल पुन्हा पुन्हा, पानेच्या पाने. तो रस्त्यावरच्या एका मोबाइल दुकानातल्या मुलाचा होता. ज्यांना ओळखीचे कोणी भरून देणारे भेटले त्यांनी त्या मुलाचा पत्ता टाकून पुढची वाट काढली होती. ज्यांना भेटले नाही, त्यांची नावे यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती किती असतील, हे मला कधीच कळणार नाही. दुकानासमोरच्या रांगेत निदान मागे राहिलेला माणूस दिसतो. माझ्या फॉर्मने मागे राहिलेला माणूस दिसेनासा केला होता.

तेव्हापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. तंत्रज्ञानाविषयी आपल्या वक्तृत्व स्पर्धांत नेहमी दोन बाजू असतात: शाप की वरदान. मीही एकदा वरदानाच्या बाजूने बोलून उत्तेजनार्थ बक्षीस घेतले आहे. आता वाटते, प्रश्नच चुकीचा होता. यंत्रात नियम असतात, आणि नियमावाचून काही चालत नाही. ‘क’ला २३२५ म्हणायचे, हाही नियमच. हिवरे बाजारातले नियम तर माझ्या फॉर्मपेक्षा कितीतरी कडक. त्यांत माणसाचे उत्पन्न बदलते, पिढ्यान् पिढ्यांच्या सवयी बदलतात. तरीही मामा ते नियम आपले म्हणून सांगतात, आणि माझ्या एका तांबड्या खुणेपुढे तीन रात्री अपराध्यासारखे बसले. फरक कडकपणाचा नाही. ते नियम सर्वांसमोर, हिशेब मांडून, विरोध ऐकून ठरले. मी माझा नियम रात्री दीड वाजता, एकट्याने, दुसऱ्याच्या पानावरून उचलून ठरवला. आणि मोडलेला माणूस मला दिसण्याची काही सोयही ठेवली नाही.

संकेत म्हणजे दोघांनी ठरवलेली गोष्ट. एकानेच ठरवली तर तो हुकूम होतो. मी इतके दिवस संकेतस्थळे बांधतो असे सांगत होतो. त्यातली काही हुकूमस्थळे होती.

हे फक्त माझ्या धंद्यापुरते आहे असे मला वाटत नाही. आपल्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी कचेरीत बसेल, कोणी स्पर्धापरीक्षा देऊन मोठा अधिकारी होईल. प्रत्येकाच्या हाती कोणता ना कोणता फॉर्म असेल आणि त्यावर खूण करण्याचा अधिकार असेल. खूण करायला एक शब्द पुरतो. तेवढ्यासाठी लिहिले.

मी आता एवढेच करतो, की फॉर्म पाठवण्यापूर्वी तो तीन माणसांकडून भरून घेतो. एक माझी आई, एक खानावळीतले भाऊ, आणि तिसरे त्या त्या कामाशी संबंध असलेले कोणीतरी. ती भरत असताना मी मध्ये बोलत नाही. हे फार कठीण आहे. माझा बोलका स्वभाव आपण जाणताच. प्रत्येक सक्तीच्या रकान्यासाठी मालकाला विचारतो, हे नसेल तर तुमचे काय अडते? निम्म्या वेळा काहीच अडत नसते. आणि पानाच्या तळाशी एक ओळ असते: ‘भरताना अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करावा.’ क्रमांक माझा असतो. मित्र म्हणतात, वेड लागले आहे, रात्री-अपरात्री फोन येतील. येतात. पण आता मला अडलेला माणूस निदान ऐकू येतो.

त्या बियाण्याच्या फॉर्ममधला ई-मेलचा रकाना मी काढून टाकला आहे. विक्रेता पुढच्या हंगामातही तोच फॉर्म वापरणार आहे. मामांचा हरभरा बरा आला, असे आई म्हणाली. पण ते पावसाचे आणि मामांचे श्रेय, त्यात माझे काही नाही. त्यांचे बारा हजार अजून फिटायचे आहेत. मध्यंतरी त्यांतले तीन हजार घेऊन गेलो होतो. मामांनी मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाले, “ते तुझं पान नीट केलंस का?”

केले, म्हणालो. त्यांनी मोबाइल पुढे केला. “उघड बरं. मला भरू दे.”

मी शेजारी बसून राहिलो. मध्ये बोललो नाही.

— तृतीय वर्ष कला (मराठी)